वाचकांचे प्रश्न : फौज परतते, मागे कोण राहतं?

मागच्या महिन्यात एका पत्राला उत्तर देताना मी सहज लिहून गेलो, की 'मार्च 1990 मध्ये आम्ही त्रिंकोमाली सोडलं.' म्हणजे भारताची शांतिसेना श्रीलंकेतून परतली तेव्हा. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली, की या वेळी पेन्शन, कॅन्टीन कार्ड आणि हयातीचा दाखला हे सगळं बाजूला ठेवतो. ज्यांचे ते प्रश्न आहेत त्यांनी रागावू नये. पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. 'परदेशातल्या युद्धातून सैन्य काढून घेण्याचे संभाव्य परिणाम' यावर निबंध लिहायचा आहे. श्रीलंकेतल्या शांतिसेनेचं उदाहरण चालेल का? आणि तुमच्या मते परत येणं बरोबर होतं की चूक? (एक विद्यार्थी, सदाशिव पेठ, पुणे)

चालेल की. फक्त राजकीय, आर्थिक आणि लष्करी परिणाम असे तीन डबे करून त्यात भरू नकोस. तिथे सगळं एकमेकांत कालवलेलं होतं.

आधी थोडक्यात घडलं काय ते. 29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. तमिळ गटांनी शस्त्रं खाली ठेवायची, श्रीलंकेच्या फौजेने बराकीत जायचं आणि मध्ये आम्ही उभं राहायचं. ऑक्टोबर उजाडेपर्यंत आमचंच एलटीटीईशी, म्हणजे तमिळ गटांतल्या सगळ्यांत बलाढ्य गटाशी, युद्ध जुंपलं. जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरने उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जणांपैकी एकच जिवंत राहिला, तोही कैदेत. पुढे आमची संख्या सत्तर हजारांवर गेली, अकराशेहून जास्त जवान कामी आले. आमच्या हातूनही नको ते घडलं. जाफन्याच्या सरकारी इस्पितळात 21 ऑक्टोबर 1987 ला डॉक्टर, नर्स आणि रुग्ण मारले गेले, हे लिहायला मला जड जातं, पण निबंधात वगळू नकोस. आयपीकेएफ या शांतिसेनेच्या इंग्रजी नावाचा लोकांनी 'इनोसंट पीपल किलिंग फोर्स' असा विस्तार केला होता. तो मी माझ्या कानांनी ऐकला आहे.

दक्षिणेत सिंहली लोकही आमच्यावर खवळलेले. जेव्हीपी या सिंहलींच्या जहाल डाव्या पक्षाने भारतीय मालावर बहिष्कार पुकारला होता. (तिकडे मोठ्या लाल कांद्याला 'बॉम्बे ओनियन' म्हणतात. लासलगाववाल्यांनी नोंद घ्यावी.) मग प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि 1 जून 1989 ला त्यांनी जाहीर सांगून टाकलं, की भारतीय सैन्याने जुलैअखेर निघावं. ज्या घराच्या मालकाने बोलावलं तोच दारात उभा राहून विचारतोय, पाहुणे कधी निघणार? शिवाय आम्ही ज्यांच्याशी लढत होतो त्यांनाच प्रेमदासांच्या सरकारकडून शस्त्रं जात होती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी दिल्लीची गत. डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान झाले आणि 24 मार्च 1990 ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली.

आता परिणामांकडे येतो. मी सिग्नल्समध्ये हवालदार होतो, तेव्हा मला ते केबलवरून कळतं.

छावणीपासून पिकेटपर्यंत, म्हणजे पुढच्या पहाऱ्याच्या ठाण्यापर्यंत, आम्ही फील्ड टेलिफोनची काळी केबल टाकलेली असायची, झाडांच्या फांद्यांवरून, कुंपणांवरून, कुणाच्या पेरूच्या झाडाला वळसा घालून. छावणी उठायची वेळ आली, की ती आम्हीच ड्रमवर गुंडाळत परत यायचो. एक जण ड्रमचा दांडा फिरवणार, दुसरा फांदीवरून सोडवणार, तिसरा रायफल घेऊन मागे. ट्रक रोज येतात-जातात, त्यावरून लोकांना काही कळत नाही. केबल निघाली की कळतं. रस्त्याकडेला एक चहावाला होता. पहिल्या पिकेटची केबल गुंडाळून आम्ही त्याच्या दुकानापुढून जायला लागलो तेव्हा त्याने ड्रमकडे पाहिलं आणि काही न बोलता फळीवर लावलेला हिंदी नटीचा फोटो काढून आत ठेवला. तो फोटो त्याला आमच्याच एका पोराने दिला होता.

घाबरायचं कारण होतं. आमच्या भरवशावर तिथे 1988 च्या शेवटी निवडणूक होऊन ईशान्य प्रांताचं सरकार आलं होतं. मुख्यमंत्री वरदराज पेरुमल, पक्ष ईपीआरएलएफ, एलटीटीईच्या विरोधातला तमिळ गट. आपण निघालो तर हे टिकणार कसे, म्हणून घाईघाईने 'तमिळ नॅशनल आर्मी' उभी करायचं ठरलं. आणि मुलं कुठून आणली? बसमधून उतरवून, शिकवणीहून येताना धरून. शस्त्रं आणि शिकवणारे आमचे.

त्यातला एक मला आठवतो. आमच्या चार्जिंग शेडशेजारी त्यांचा पहारा असायचा. पंधरा-सोळा वर्षांचा असेल. बूट दोन नंबर मोठे, पुढे कापडाचे बोळे कोंबलेले. चालला की आवाज यायचा, पण पाय आणि बूट एकाच वेळी टेकायचे नाहीत. मला 'अण्णा' म्हणायचा. रायफलीचा पट्टा त्याने इतका आखडून घेतला होता, की ती खांद्यावरून निघायचीच नाही. मी म्हटलं, ढिला कर, वेळेला खांद्यातून सुटायला हवी. तर म्हणाला, हरवली तर साहेब मारतील. एलटीटीईची भीती नंतर, आधी रायफल हरवण्याची.

1989 च्या अखेरीस आम्ही अंपारा जिल्हा सोडला आणि एलटीटीईने तिथली या पोरांची ठाणी एकामागून एक मोडली. काही पळाली, काही शरण गेली, काही मारली गेली. पंधरा हजार रायफली दिल्या असत्या तरी फरक पडला नसता. महिनाअखेर पगार कोण देणार आणि वायरलेसवर हाक मारली तर उत्तर कोण देणार, हे त्या पोरांना ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं, ही त्यातली वाईट गोष्ट. आमच्या पोराचं काय झालं मला माहीत नाही.

पेरुमल यांनी 1 मार्च 1990 ला स्वतंत्र ईलम, म्हणजे तमिळांचं वेगळं राष्ट्र, जाहीर केलं आणि काही दिवसांत देश सोडला. त्यानंतर कित्येक वर्षं ते भारतातच पहाऱ्यात राहिले. त्यांच्या पक्षाचे नेते पद्मनाभा 19 जून 1990 ला चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, सहकाऱ्यांसह मारले गेले. म्हणजे आमच्या बाजूने उभा राहिलेला माणूस आमच्या देशात येऊनही वाचला नाही.

जूनपर्यंत प्रेमदासा आणि एलटीटीई यांचीही दोस्ती संपली. 11 जूनला पूर्वेकडच्या पोलिस ठाण्यांना वेढा पडला. कोलंबोहून हुकूम आला म्हणून पोलिसांनी शस्त्रं टाकली आणि त्यातल्या सुमारे सहाशे जणांना ठार केलं गेलं. ऑगस्टमध्ये कट्टनकुडीच्या मशिदींत नमाज पढणाऱ्यांवर गोळीबार झाला. ऑक्टोबरात उत्तरेतल्या सुमारे सत्तर हजार मुसलमानांना घरंदारं सोडायला लावलं, जाफन्यात तर दोन तासांची मुदत. लाखाहून अधिक तमिळ निर्वासित होड्यांतून तमिळनाडूत आले. आणि 21 मे 1991 ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचा खून. ते परत सत्तेवर आले तर फौज परत पाठवतील, ही एलटीटीईची भीती त्या खुनामागे होती असं तपासातून पुढे आलं. ज्यांनी आम्हाला जा म्हटलं ते प्रेमदासाही 1 मे 1993 ला आत्मघाती स्फोटात गेले. युद्ध संपलं ते मे 2009 मध्ये.

एवढी यादी वाचून तू लिहिशील, की माघार चूक होती. मी तसं म्हणणार नाही. यजमान देश नको म्हणतोय, ज्यांच्यासाठी गेलो ते तमिळ नको म्हणताहेत, आपल्याच चेन्नईत मुख्यमंत्री स्वागताला येत नाहीत, आणि काश्मीर पेटलेलं. आणखी दोन वर्षं राहिलो असतो तर आणखी पाचशे-सातशे पेट्या गावी गेल्या असत्या आणि शेवटी केबल गुंडाळावीच लागली असती. निघणं बरोबर होतं. त्या पोरांच्या हातात रायफली देऊन निघणं पाप होतं. त्यांना धरलंच नसतं, किंवा आमच्यासाठी उघडपणे काम केलेल्या प्रत्येक कुटुंबाला जहाजात जागा दिली असती, तर मी आज हे लिहिताना थांबलो नसतो. काही जणांना आणलं, नाही असं नाही. ओडिशात मलकानगिरीला त्यांची छावणी होती. जे उरले त्यांची मोजदाद कोणी केली?

आणखी एक परिणाम, जो निबंधाच्या पुस्तकात सहसा नसतो. 2003 मध्ये अमेरिकेने इराकसाठी आपल्याकडे एक डिव्हिजनभर फौज मागितली. दिल्लीत बरीच चर्चा झाली आणि 14 जुलैला वाजपेयी सरकारने नाही म्हणून सांगितलं. कारणं अनेक होती, पण ती बैठक झाली तेव्हा टेबलाभोवती श्रीलंका आठवणारे लोक बसलेले असणार, याबद्दल मला शंका नाही.

प्रश्न : माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. श्रीलंकेत गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. घरी फक्त काळी पेटी आली, पांढऱ्या रंगात नाव लिहिलेली. आई अजून तीत गोधड्या ठेवते. मागे एकदा कुणी तरी म्हणालं, शेवटी परतच आलो तर गेलो कशाला, फुकट गेले बिचारे. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. (एक भगिनी, कोरेगाव तालुका, जि. सातारा)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

पेटीचं आधी सांगतो. त्या वेळी पार्थिव गावी पाठवायची पद्धत नव्हती. बहुतेकांवर तिथेच अंत्यसंस्कार झाले. पार्थिव घरी आणणं सर्रास सुरू झालं ते कारगिलपासून. तेव्हा 'आमच्याच वडिलांना का आणलं नाही' असा सल मनात असेल तर तो काढून टाका.

'फुकट गेले' म्हणणाऱ्याला उत्तर देणं अवघड आहे, कारण तो अर्धं खरं बोलतो. आम्ही जे करायला गेलो ते झालं नाही. पण जवान करार वाचून जात नाही. माझ्या ओळखीच्या पलटणीत लोक मेले ते पुढच्या ट्रकमधल्या माणसाला ओढून काढताना, रस्ता तपासताना, पाण्याचा टँकर पिकेटपर्यंत नेताना. 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, आपल्या मुंबईचे, 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री दबा धरून केलेल्या हल्ल्यात सापडले. छातीत गोळी लागल्यावर त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच टिपलं आणि जीव जाईपर्यंत आपल्या लोकांना हुकूम देत राहिले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. त्यांची तुकडी त्या सापळ्यातून निघाली. ज्यांची पोरं त्या तुकडीत होती त्यांना विचारा फुकट गेलं का.

दुसरं मात्र स्पष्ट सांगतो, कारण हेच वाक्य उलटं करून फार वापरलं जातं. 'इतके गेले, आता मागे फिरलो तर त्यांचं मरण वाया जाईल, म्हणून राहा.' अमेरिकेने व्हिएतनाममध्ये हे केलं. 1969 मध्ये निक्सन आले तेव्हाच निघायचं ठरलेलं होतं. तरी इभ्रतीने निघायचं म्हणून 1973 उजाडलं. त्यांचे अठ्ठावन्न हजार गेले त्यातले वीस हजारांच्या आसपास या निघण्याच्या काळातले. आणि 30 एप्रिल 1975 ला सायगाव पडलंच. तुमच्या वडिलांचं नाव पुढे करून कोणी आणखी कुणाच्या वडिलांना तिथे ठेवलं असतं, तर ते त्यांना आवडलं असतं का?

कामाचं सांगतो. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, त्यागचक्राच्या भिंतींवर, ऑपरेशन पवनमधल्या, म्हणजे श्रीलंकेतल्या आपल्या मोहिमेतल्या, शहिदांचीही नावं आहेत. कोलंबोजवळ श्री जयवर्धनेपुरा कोट्टे इथे श्रीलंकेने शांतिसेनेचं स्मारक बांधलं आहे, तिथेही नावं कोरली आहेत. वडील नेमके कुठे, कुठल्या कामगिरीवर गेले हे हवं असेल तर बेळगावला मराठा सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, नंबर, हुद्दा, पलटण आणि तारीख घालून. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहून देतील. त्याच पलटणीतलं कोणी तुमच्या तालुक्यात असण्याची शक्यता दाट आहे. सातारा आहे ते, दर दोन गावांमागे एक सापडेल. आणि पेटीवरचं नाव रंगवायला कोणाला देऊ नका. जसं आहे तसं राहू द्या.

प्रश्न : 2021 मध्ये माझ्याकडे दोन अफगाण विद्यार्थी भाड्याने राहत. 15 ऑगस्टला सोसायटीचं झेंडावंदन करून आलो तर दोघं जिन्यात फोन धरून बसलेले. काबूल पडलं होतं. तीन लाखांचं सैन्य नऊ-दहा दिवसांत कसं संपलं? रशियन गेले तेव्हा तर तसं झालं नव्हतं. (एक वाचक, विमाननगर, पुणे)

बरोबर आठवलं तुम्हाला. अफगाणिस्तानातल्या रशियन फौजेचे सेनापती जनरल ग्रोमोव्ह 15 फेब्रुवारी 1989 ला सरहद्दीवरच्या पुलावरून चालत पलीकडे गेले तेव्हा सगळ्यांनी रशियनांच्या पाठिंब्यावरचे अफगाण अध्यक्ष नजीबुल्ला यांचे दिवस मोजायला घेतले. महिन्याभरात मुजाहिदीनांनी, म्हणजे त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांनी, जलालाबादवर हल्ला केला आणि तो फसला. नजीबुल्ला एप्रिल 1992 पर्यंत टिकले. कारण रशियन गेले तरी त्यांचं धान्य, डिझेल, दारूगोळा आणि पैसा येत राहिला. 1991 च्या शेवटी सोव्हिएत संघच उरला नाही, रसद आटली, आणि चार महिन्यांत खेळ आटोपला. दोस्तम यांच्यासारखे सरदार पैसे येत होते तोवर सोबत होते.

2021 ला उलटं झालं. तीन लाख हा आकडा कागदावरचा, त्यात नुसती नावं किती हे त्यांच्याच अधिकाऱ्यांना सांगता येत नव्हतं. पण मला विचाराल तर विमानं दुरुस्त करणारे गेले तिथे निम्मं युद्ध संपलं. त्यांचं हवाई दल परदेशी कंत्राटी मेकॅनिकांवर चालायचं. फौजेबरोबर तेही गेले. डोंगरातल्या ठाण्यावर बसलेल्या शिपायाला जखमींसाठी हेलिकॉप्टर येणार नाही, गोळ्या येणार नाहीत आणि पगार थकला आहे हे कळल्यावर तो गावच्या म्हाताऱ्यांमार्फत तालिबानशी बोलणी करणारच. त्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी बॅटरी संपलेला वायरलेस सेट हातात धरून एक रात्र काढून पाहावी. वर अमेरिका आणि तालिबान यांचा दोहाचा करार फेब्रुवारी 2020 चा. त्यात काबूलचं सरकार बाजूलाच होतं. आपला भाव आपल्याला वगळून ठरला, हे शिपायालाही समजतं.

त्या दोन मुलांचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलं नाही. लिहा.

प्रश्न : तुम्ही सारखा 'माघार' शब्द वापरता. भारतीय लष्कराने माघार घेतली नव्हती. दुरुस्ती छापावी. (एक माजी अधिकारी, नागपूर)

सर, आपलं म्हणणं मान्य. सरकारी शब्द 'डी-इंडक्शन' होता आणि आम्ही मार खाऊन निघालो नव्हतो. दुरुस्ती छापली आहे. मराठीत त्याला दुसरा शब्द सुचला तर कळवावा, मला तीस वर्षांत सुचला नाही.

प्रश्न : इतकी वर्षं तिकडे काढलीत, तर तमिळ किती शिकलात? (एक वाचक, कोल्हापूर)

पहिल्या महिन्यात शिकलो ते असं : 'निल्लु', थांब. 'कैय तूक्कु', हात वर. 'वा', 'पो'. अशा शब्दांवर माणसाची ओळख काय होणार? 'तण्णी' म्हणजे पाणी, हे त्यातल्या त्यात बरं.

बाकीचं त्या चहावाल्याने शिकवलं. निघायच्या आधी दोन दिवस मी त्याची उधारी द्यायला गेलो. बरोबर रायफलवाला पोरगा होताच. हिशेब एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर, आमच्या आठ जणांचा वेगवेगळा. पैसे मोजून दिले आणि मला येत होतं तेवढं तमिळ लावून म्हणालो, 'पोरेन', जातो. त्याने मान हलवली, तसं म्हणायचं नसतं. 'पोयिट्टु वारेन' म्हणायचं. जाऊन येतो.

मला हसू आलं. आमच्या घरीही उंबऱ्यावर 'जातो' म्हटलं की आजी ओरडायची, 'येतो म्हण.'

म्हटलं, पोयिट्टु वारेन. त्याने बरं म्हणून पुठ्ठा फाडला आणि कप विसळायला घेतले.